उंदराला लागू पडलं, मग आमच्या दादांना का नाही?

परभणीत दाताचा दवाखाना चालवायचा म्हणजे दिवसभर गुटख्याचीच तोंडं बघायची. पांढरे पडलेले गाल, दोन बोटं आत जाईनात इतके आखडलेले जबडे. तोंडाचा कॅन्सर म्हटला की तंबाखू, हे गणित आमच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणूनच मानवतचे ते गृहस्थ माझ्या चांगले लक्षात राहिले. साठी ओलांडलेले, माळकरी, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकलेले. उजव्या बाजूला, जबड्याच्या हाडाखाली, बोराएवढी गाठ. दोन वर्षांपासून होती म्हणे, पण दुखत नव्हती म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दाढेचंच काही असेल म्हणून माझ्याकडे आले. दाढ ठणठणीत होती.

सुईची तपासणी करून घ्या म्हटलं तर घरात आठवडाभर वाद झाला. सुई लावली की गाठ चिघळते, हा समज आपल्याकडे जाता जात नाही. शेवटी मुलाने ऐकलं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, पाठोपाठ शेक (रेडिएशन) झाले. गाठीच्या रिपोर्टवर नाव आलं अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, म्हणजे लाळग्रंथीचा कॅन्सर. तंबाखूशी त्याचा तसा काही संबंध नाही. आणि वर्षभराने छातीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके दिसले.

मुलाचं मानवतला कृषी सेवा केंद्र आहे. तो मोबाईल घेऊनच माझ्याकडे आला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी बातमी पाठवली होती: 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाने याच कॅन्सरची वाढ थांबली, उंदरांवर प्रयोग यशस्वी. त्याने घरी गाजरं सुरू केली होती. वर औषधाच्या दुकानातून माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्याही आणल्या होत्या. माळकरी माणसाला! मला हसू आलं, पण दाबलं.

"मॅडम, उंदराला लागू पडलं म्हणतेत. मग आमच्या दादांना कामून देईनात?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर सांगते.

आधी ग्रंथींचं बघू. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. कानाच्या पुढे आणि खाली सगळ्यात मोठी, गालफुगीत सुजते ती. दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू, घसा यांच्या अस्तरात ६०० ते १,००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. यांत गाठ आली तर हिशेब उलटा चालतो: ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ कॅन्सरची निघण्याची भीती जास्त. कानाजवळच्या ग्रंथीतल्या पाचांपैकी चार गाठी साध्या निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत साध्या आणि वाईट जवळपास निम्म्या-निम्म्या. टाळूवरच्या बारीक ग्रंथीत तर कॅन्सरचंच पारडं जड.

तरीही हा आजार दुर्मीळच. डोकं आणि मान धरून जेवढे कॅन्सर होतात त्यांत लाळग्रंथींचे शंभरात पाच-सहाच्या आतबाहेर. त्यातही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्यांचे वीसहून जास्त प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातले भूम आणि परांडा हे तालुकेही तिच्यात येतात. पण एवढ्या टापूतून अडेनॉइड सिस्टिकचे असे किती रुग्ण निघणार? चार निघाले तरी एक मुंबईला गेलेला, एक ऑपरेशन करून घरी बसलेला. नव्या औषधाची पारख करायला माणसंच जमत नाहीत.

मग करायचं काय? मी त्या मुलाला त्याच्याच धंद्यातलं विचारलं. तुरीचं नवीन वाण आलं की थेट मानवतच्या शेतकऱ्याला देतात का? आधी विद्यापीठाच्या प्लॉटवर घेतात. हद्द आखलेली, पाणी मोजून, खत मोजून, शेजारी जुनं वाण तुलनेला लावून. कॅन्सरच्या संशोधनात ज्याला मॉडेल म्हणतात ते म्हणजे हाच प्लॉट. माणसाच्या शरीरातली गाठ बाहेर कुठेतरी, छोट्या प्रमाणात, जिवंत ठेवायची आणि तिच्यावर औषधं टाकून बघायची.

"हां," तो म्हणाला, "पण प्लॉटवरचा उतारा आमच्या कोरडवाहूत कुठं येतोय."

तो बोलून गेला ते खरंच होतं. या सगळ्या गोष्टीची अर्धी अडचण तिथेच आहे.

सगळ्यात साधा प्लॉट म्हणजे बशी. गाठीतल्या पेशी वेगळ्या करायच्या, गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात ठेवायच्या, माणसाच्या अंगाएवढ्या म्हणजे ३७ अंशांच्या उबेत सांभाळायच्या. बहुतेक मरतात. काही जगतात आणि वाढतच राहतात. अशा न थांबणाऱ्या वाणाला पेशीमालिका म्हणतात. ती गोठवता येते, जगभर पाठवता येते, स्वस्त असते. एका दिवसात शेकडो औषधं तिच्यावर टाकून बघता येतात. अडेनॉइड सिस्टिकच्याही अशा काही मालिका होत्या. एसीसी-२, एसीसी-३, एसीसी-एम ही त्यांतली नावं. त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम झालं, निबंध छापून आले.

२००९ मध्ये संशोधकांनी अशा सहा मालिकांच्या डीएनएचे ठसे तपासले. गुन्ह्याच्या तपासात आणि बाप कोण हे ठरवताना जी चाचणी वापरतात, तीच ही. सहाच्या सहा बनावट निघाल्या. एसीसी-२, एसीसी-३ आणि एसीसी-एम या तिन्ही हेला पेशी होत्या. हेला म्हणजे बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी. त्या इतक्या दांडग्या की शेजारच्या बशीत एक थेंब उडाला तरी काही आठवड्यांत मूळ पेशींना खाऊन टाकतात आणि बशीवरचं लेबल तेच राहतं. चौथी मालिका मूत्राशयाच्या कॅन्सरची होती. उरलेल्या दोन तर माणसाच्याच नव्हत्या.

हे ऐकून तो मुलगा गप्पच झाला. मग म्हणाला, एका हंगामात त्याच्या दुकानातून पांढरी तूर म्हणून गेलेल्या पाकिटांतून लाल तूर निघाली. कळलं कधी? शेंगा भरल्यावर, फोडून बघितल्यावर. तोवर शेतकऱ्याचं वर्ष गेलेलं. पाकिटावरचा शिक्का, लॉट नंबर, सगळं जागेवर होतं.

इथेही तसंच. लाळग्रंथीच्या कॅन्सरवर अमुक औषध चालतं असं ज्या प्रयोगांतून वाटलं, त्यांतले कित्येक खरं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर झाले होते. माझ्या मते दुर्मीळ आजारांचा शाप हाच. स्तनाच्या कॅन्सरच्या ढीगभर मालिका आहेत, एक खोटी निघाली तर दुसरी ताडून बघता येते. इथे मुळात सहा-सात, त्यांचीच शाश्वती नाही. आता बरीच चांगली संशोधन-नियतकालिकं निबंध घेण्याआधी डीएनएचा ठसा मागतात. प्रमाणित बियाण्याला प्रमाणपत्र लागतं तसंच.

मग अस्सल वाण ओळखायचं कसं? याचंही उत्तर २००९ मध्येच मिळालं, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांकडून. अडेनॉइड सिस्टिकच्या पेशींत सहाव्या आणि नवव्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. त्या सांध्यावर एमवायबी नावाचं जनुक एनएफआयबी नावाच्या जनुकाला चिकटतं. एमवायबीचं काम पेशींना वाढा म्हणून सांगायचं. मोठ्या माणसाच्या लाळग्रंथीत ते एरवी निपचित पडून असतं. पण शेजारी आलेल्या जनुकाची वायर त्याला जोडली जाते आणि मग थांबणं नाही. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवून ठेवला की रात्री दोनला लाइट आली तरी मोटार सुरू होते; आपण झोपेत, पाणी शेजाऱ्याच्या वावरात. निम्म्याहून जास्त अडेनॉइड सिस्टिक गाठींमध्ये एमवायबीची ही जोडणी सापडते. त्यामुळे कुठलंही मॉडेल पुढे आलं की पहिला प्रश्न असतो, त्यात हा सांधा आहे का? गाठीचं हेच आधारकार्ड.

बशीची दुसरी अडचण अशी की ती सपाट असते. खऱ्या अडेनॉइड सिस्टिक गाठीत दोन जातीच्या पेशी नांदतात: नळीच्या आतल्या बाजूच्या आणि त्यांना बाहेरून वेढणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गाठीला चाळणीसारखी भोकं दिसतात, तो या दोघींच्या मांडणीचाच खेळ. सपाट बशीत ही मांडणी मोडते. त्यावर उपाय म्हणून अलीकडे पेशी मऊ जेलीत वाढवतात. तिथे त्या चहूबाजूंनी वाढतात, गोळे करतात, कधी आत पोकळ्याही धरतात. यांना ऑर्गनॉइड म्हणतात, म्हणजे अवयवाची भातुकली. निरोगी लाळग्रंथीचेही असे गोळे करता येतात, त्यामुळे औषध गाठीला मारतं आणि चांगल्या ग्रंथीला सोडतं का, हे शेजारी-शेजारी बघता येतं. गंमत म्हणजे ही जेली मुळात उंदराच्याच एका गाठीपासून काढतात.

आता उंदीर. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

पहिली म्हणजे उंदराच्याच जनुकात बिघाड करून त्याला लाळग्रंथीची गाठ आणायची. १९८० च्या दशकापासून असे उंदीर आहेत. आजार अगदी सुरुवातीपासून कसा वाढतो हे त्यांच्यात दिसतं, आणि प्रतिकारशक्तीही शाबूत असते. पण ती गाठ उंदराची. माणसाच्या गाठीशी तिचं साम्य असतं, ओळख नसते.

दुसरी म्हणजे रुग्णाची ताजी गाठ ऑपरेशन थिएटरमधून थंड द्रवात घालून तडक प्रयोगशाळेत न्यायची आणि ज्याची प्रतिकारशक्ती जवळपास नाहीशी केलेली आहे अशा उंदराच्या कातडीखाली एक तुकडा पेरायचा. पेरायचाच म्हणते, कारण पुढचं सगळं तसंच चालतं. उगवला तर उगवला. अडेनॉइड सिस्टिक मुळात संथ वाढणारी, त्यामुळे कधी कधी कित्येक महिने थांबावं लागतं. उगवला की त्याचे तुकडे करून पुढच्या उंदरांत लावायचे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संशोधकांनी अडेनॉइड सिस्टिकची अशी मॉडेलं तयार केल्याचं जाहीर केलं. बनावट मालिकांचं बिंग फुटल्यानंतरच्या काळात या आजारावरच्या औषधांच्या चाचण्यांचा बराच भार अशाच उंदरांनी उचलला आहे. बातमीत 'उंदरावर यशस्वी' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा हाच उंदीर असतो, पाठीवर कुणा माणसाची गाठ वागवणारा.

यातही तण माजतंच. गाठीच्या तुकड्याबरोबर रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जातात. त्यांत एखादा सुप्त विषाणू असला तर कॅन्सरच्या जागी त्याच माजतात आणि वेगळीच गाठ वर येते. पिढ्या वाढल्या की गाठीतला माणसाचा आधार-सांगाडा जाऊन तिथे उंदराचा येतो. आणि मोठी गोम अशी की या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती जागवून काम करणारी नवी औषधं त्याच्यावर तपासायची तर आधी त्यात माणसाच्या रक्ताच्या मूळ पेशी घालून त्याला अर्धा माणूस करावा लागतो. हे उंदीर महाग असतात आणि फार दिवस टिकत नाहीत.

ही गाठ हरळीसारखी, मुळाबरोबर लांब पसरणारी. तिची खास खोड म्हणजे ती नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, आवरणात शिरते. वरून छोटी दिसते आणि नसेच्या कडेकडेने कवटीच्या तळापर्यंत पोचलेली असते. उंदराच्या कातडीखाली हे नीट दिसत नाही. म्हणून उंदराच्या पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंचा गुच्छ बशीत ठेवतात, शेजारी कॅन्सरच्या पेशी, आणि मधल्या जेलीतून त्या तंतूंकडे कशा सरकतात हे कॅमेऱ्याने टिपतात. मला हे सगळ्या मॉडेलांत हुशारीचं वाटतं. एकच प्रश्न विचारायचा, पण नेमका.

कोंबडीच्या उबवणाऱ्या अंड्याच्या आतल्या पडद्यावरही गाठ वाढवतात. स्वस्त आणि आठवड्याभरात निकाल. पुढे पिल्लाची प्रतिकारशक्ती जागी होते आणि काम संपतं.

आता त्या व्हॉट्सॲपवरच्या बातमीकडे येते. ती खोटी नव्हती. जुनी होती.

झेब्राफिश नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा आहे, मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला. त्याचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. एमवायबीला जोडून एक चमकणारं प्रथिन घातलं की ते जनुक जिथे चालू असेल तिथे पिल्लू हिरवं चमकतं. बॉस्टनमधल्या संशोधकांनी अशा माशांच्या कोवळ्या भ्रूणांच्या पेशी सुट्या करून त्यांच्यावर एकेक रसायन टाकून बघितलं, चमक कशाने मंदावते ते. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली रसायनं पुढे आली. मग तीच माणसाची अडेनॉइड सिस्टिक गाठ वागवणाऱ्या उंदरांना दिली आणि गाठींची वाढ खरोखर मंदावली. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांतलं मुख्य औषध, ट्रेटिनॉइन, रक्ताच्या एका कॅन्सरवर आधीपासून वापरात होतंच. त्यामुळे माणसांवर चाचणी व्हायला वेळ लागला नाही. २०२१ मध्ये निकाल आला. आजार पुढे गेलेले १८ रुग्ण. गाठ लक्षणीय आकसली असा एकही नाही. निम्म्याहून जास्त रुग्णांत ती काही काळ आहे तेवढीच राहिली.

"म्हणजे फेल?"

याला सरळ उत्तर देता येत नाही. उंदरात वाढ मंदावली होती, माणसातही काहीसं तसंच झालं म्हणता येईल. पण अडेनॉइड सिस्टिक आपण होऊनही महिनोन्‌महिने थबकून राहते, तेव्हा ते श्रेय औषधाचं की आजाराच्या स्वभावाचं, हे १८ जणांवरून सांगता येत नाही. उंदरात काही आठवड्यांचा हिशेब असतो, माणसात वर्षांचा. प्लॉटवर वाण चांगलं आलं. कोरडवाहूत पिकलं नाही, जळलंही नाही.

गाजरं चालू द्या, असं मी सांगितलं. माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद करायला लावल्या. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं की यकृताला बाधतं, आणि गोळीतलं जीवनसत्त्व म्हणजे ते औषध नव्हे. दादांना माळेचा धर्म राखल्याचं समाधान वेगळंच.

सगळीच कथा अशी अर्धवट नाही. २०१० मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या डॉक्टरांनी लाळग्रंथीचा एक वेगळाच कॅन्सर ओळखला. तोवर तो दुसऱ्याच नावाखाली गणला जायचा. स्तनाच्या एका दुर्मीळ कॅन्सरसारखा तो दिसतो आणि त्याच्यात जनुकांचा सांधाही तोच निघाला: ईटीव्ही-६ आणि एनट्रॅक-३. हा सांधा लहान मुलांच्या एका गाठीत १९९८ मध्येच सापडला होता आणि तो एकटाच पेशीला कॅन्सरकडे ढकलू शकतो हे बशीत आणि उंदरात आधीच दिसलं होतं. एनट्रॅकला बंद करणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आलं तेव्हा गाठ कुठल्या अवयवाची हे न बघता, सांधा कुणात आहे एवढंच बघून रुग्ण घेतले. २०१८ मध्ये ५५ रुग्णांचे निकाल छापून आले. त्यांतले १२ लाळग्रंथींच्या गाठींचे होते. एकूण रुग्णांत चारांपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

फरक कशात पडला? तिथे मोटारीचं बटण हाताला येण्यासारखं होतं. एनट्रॅक हे असं प्रथिन की औषधाचा रेणू त्याच्या खाचेत किल्लीसारखा बसतो. एमवायबी पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुकांना हुकूम सोडतं, आणि त्याला किल्ली बसेल अशी खाच सहजी सापडत नाही. मॉडेल कितीही अस्सल असलं तरी ही अडचण राहतेच. नशीब म्हणा, दादांना झाला तो कॅन्सर या किल्ली न बसणाऱ्या, एमवायबीच्या जातीचा.

शेकांमुळे दादांचं तोंड कोरडं पडलंय. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय गिळवत नाही. त्यावरही प्रयोग झालेत आणि तिथला प्रवास बघण्यासारखा आहे. पेशीतून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचं जनुक शेक दिलेल्या ग्रंथीत सोडायचं, अशी कल्पना. १९९७ मध्ये उंदराच्या मोठ्या भावात, म्हणजे घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटमध्ये, लाळ दुपटी-तिपटीने वाढली. मग छोट्या जातीच्या डुकरांवर प्रयोग झाले, कारण त्यांची कानाजवळची ग्रंथी आकाराने माणसाच्या जवळ जाते. माणसांचे पहिले निकाल यायला २०१२ उजाडलं. ११ रुग्ण, त्यांतल्या ५ जणांना लाळ वाढून आराम वाटला. रॅटपासून माणसापर्यंत पंधरा वर्षं.

फुप्फुसांतल्या ठिपक्यांसाठी दादांना सध्या औषध नाही. ठिपके बारीक आहेत, धाप लागत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी स्कॅन करून वाढतात का ते बघायचं, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ठरवलंय. या आजारात ही रीत बरोबर आहे. नुसतं बसून राहणं घरच्यांना पटत नाही, हेही खरं.

जाताना मुलाने विचारलं, ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आता कुठे असेल? मी सांगितलं, मेणाच्या छोट्या ठोकळ्यात, पॅथॉलॉजीच्या कपाटात.

"मग त्याच्यावरून करता येत नाही का ते, उंदराचं?"

त्या ठोकळ्यातून पातळ काप काढून सांधा आहे की नाही हे तपासता येतं. पण गाठ आधी फॉर्मलिनमध्ये मुरवलेली, मग गरम मेणात बुडवलेली. तिच्यातलं जिवंत काही उरत नाही.

"म्हणजे उकडलेल्या शेंगा," तो म्हणाला. "पेरून उपयोग नाही."

ताजा तुकडा द्यायचा असेल तर ऑपरेशनच्या आधी सांगावं लागतं, रुग्णाची लेखी संमती लागते आणि जवळपास घेणारी प्रयोगशाळा लागते. त्याने मोबाईल काढला आणि यांतली पहिली गोष्ट तेवढी लिहून घेतली.